पाठीमागचे माग

भिवंडीत यंत्र घ्यायचं म्हटलं की "नवं की जुनं?" असं कुणी विचारत नाही. "चालू की बंद?" एवढंच विचारतात. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग ट्रकात बसून खाडी ओलांडत इकडे यायचे. १९८२ च्या संपाआधीही यायचे, संपानंतर तर रांग लावून आले. पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहिले, कुणीतरी तेल पाजलं, आणि मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात त्यांनी पुन्हा खटखट सुरू केली. ज्या गावाचा संसारच असा दुसऱ्याच्या घरच्या भांड्यांवर उभा राहिला, तिथे मी एके दिवशी जाहीर केलं की मला माझ्या कॅमेऱ्यासाठी डिजिटल पाठ घ्यायची आहे.

"पाठ?" शेठ म्हणाले. "आणि पोट?"

"पोट आहे शेठ. फक्त पाठ नाहीये."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की या मुलाच्या वडिलांना मी ओळखत होतो म्हणून थांबलोय.

आमचे शेठ कापडाचे व्यापारी आणि माझं निम्मं उत्पन्न. उरलेलं निम्मं बायपासच्या गोदामांतून येतं. तिथे प्रेशर कुकरची झाकणं, मोबाईलची कव्हरं आणि योगा मॅट पांढऱ्या पार्श्वभूमीवर टिपायची असतात. त्याला फोटोग्राफर लागतो हा गोदामवाल्यांचा गैरसमज आहे आणि तो मी कधी दूर केलेला नाही. स्टुडिओ नारपोलीत, मागाच्या कारखान्याच्या माडीवर. खाली चोवीस माग, वर मी. भाडं कमी आहे, कारण त्या माडीवर माणूस राहू शकत नाही.

कॅमेरा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मामिया आरझेड ६७. हे मॉडेल १९८२ साली बाजारात आलं, अण्णांकडे ते बऱ्याच वर्षांनी, अर्थातच चालू स्थितीत आलं. लेन्ससकट अडीच किलोच्या आसपास. अण्णा तो गळ्यात घालत नसत, कडेवर घेत. त्याच्या मागच्या बाजूला फिल्मची एक डबी लागते. रोल संपला की ती अख्खी डबी काढायची आणि भरलेली दुसरी चढवायची. एका रोलमध्ये दहा फोटो. "आठ गिऱ्हाइकाचे, एक देवाचा, एक माझा," असा अण्णांचा हिशेब होता. हीच ती पाठ. फिल्म गेली, अण्णा गेले, कॅमेऱ्याचं पोट आणि डोळा मात्र अजून ठणठणीत. मागे फिल्मच्या डबीऐवजी सेन्सरची डबी लावली की म्हातारा पुन्हा कामाला लागतो. कल्पना इतकी साधी आहे की ती समजावायला मला कधीच जमलं नाही.

ती समजली एकाच माणसाला, खालच्या जॉबरमामांना. मामांच्या घरात तेलुगू, कारखान्यात हिंदी, माझ्याशी मराठी. माग दुरुस्त करताना ते कोणत्याच भाषेत बोलत नाहीत, फक्त पाना मागतात.

"म्हणजे माग तोच, किट नवं," मामा म्हणाले.

मी त्यांचे पाय धरायचा बाकी होतो. खरंच, सरकारनं भिवंडीला नेमकं हेच शिकवलंय. २०१७ साली वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी इथे येऊन पॉवरटेक्स इंडिया योजना सुरू करून गेल्या. तारीख १ एप्रिल होती, तरी योजना खरी होती. तिचा एक भाग असा, की साधा यंत्रमाग भंगारात काढू नका, त्यालाच जोडणी बसवा. धागा तुटला की माग आपोआप थांबेल, ब्रेक चांगला लागेल, कापडात दोष कमी पडतील. जुन्या देहाला नवी अक्कल.

"तुझ्या पाठीत धागा तुटला की थांबतं का?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. चालूच राहतं."

"मग अर्धवट किट आहे," असं म्हणून ते पाना घेऊन गेले.

तसं पाहिलं तर मराठीत पाठीला मान फार. आपण पाठ थोपटतो, पाठीशी घालतो, नवरीबरोबर पाठराखीण देतो, आणि सरकारी कामाचा तर पाठपुरावाच करतो. पण पाठ विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. म्हणून शेठना पटवण्यासाठी मी थेट चंद्रावर गेलो. म्हटलं, अपोलोवाले १९६९ साली चंद्रावर हॅसलब्लाड कॅमेरे घेऊन गेले. परत येताना वजन कमी करायचं होतं. तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याची शरीरं, लेन्सा, सगळं तिथेच टाकलं आणि फक्त मागच्या फिल्मच्या डब्या काढून आणल्या. पुढच्या मोहिमांतही तेच. असे बारा कॅमेरे आजही चंद्रावर पडून आहेत. पृथ्वीवर परत आली ती पाठ!

शेठ गंभीर झाले. मला वाटलं मुद्दा पोचला.

"बारा," ते म्हणाले. "कुणी उचलायला गेलं नाही?"

मग मी बाजारात उतरलो. डिजिटल पाठीचा बाजार म्हणजे कुणी किंमत छापत नाही असा बाजार. अंधेरीतल्या एका विक्रेत्याला मी फोन केला, तर त्यानं आधी माझं गाव विचारलं. भिवंडी म्हटल्यावर त्याला वाटलं मी गोदाम भाड्यानं देणारा आहे. त्या गैरसमजात त्यानं फार प्रेमानं सगळी माहिती दिली.

या पाठी जन्मल्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. लीफ नावाच्या कंपनीची पहिली पाठ चार मेगापिक्सेलची होती आणि आकारावरून लोक तिला वीट म्हणत. रंगीत फोटो हवा असेल तर तीनदा टिपायचा: एकदा लाल काचेतून, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. समोर मॉडेल असेल तर तिन्ही वेळा तिनं त्याच जागी, त्याच भावनेत असायला हवं. त्यामुळे त्या काळी डिजिटल पाठीसमोर मुख्यतः घड्याळं आणि फर्निचर बसायचं. पुढे १९९३ मध्ये डेन्मार्कात फेज वन निघाली, आणि २००४ च्या सुमारास तिची पी २५ आली, २२ मेगापिक्सेलची. त्या काळात जाहिरातवाल्यांच्या स्टुडिओत ती आली की लोक चपला बाहेर काढत. मग ३९ झाले, ६० झाले, ८० झाले, १०० झाले, आणि २०१८ मध्ये दीडशे. दीडशेवाल्या पाठीचा, कॅमेरा आणि लेन्ससकट, परदेशी भाव पन्नास हजार डॉलरच्या घरात. तेव्हाच्या दरानं पस्तीस लाखांच्या वर, आणि कर, हमाली, नजर उतरवणं हे सगळं वेगळं.

माझ्या मामियाची आजची किंमत चाळीस हजार. नालेसाठी घोडा घेणारे आपल्याकडे म्हणीपुरते होते. मी प्रत्यक्ष निघालो होतो.

बँकेत गेलो. कुठली ते सांगत नाही, कारण तिथल्या साहेबांनी माझ्याशी शेवटपर्यंत सभ्यपणा राखला.

"उपकरण काय?"

"कॅमेरा बॅक."

"बॅक म्हणजे परत करणार आहात?"

"नाही. पाठ. कॅमेऱ्याची."

"आणि कॅमेरा?"

"तो आहे. जुना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बैलगाडी तुमची आहे," ते शांतपणे म्हणाले, "आणि तिला मागं लावायला लाल दिवा घ्यायचाय. मर्सिडीजच्या भावात."

एवढी अचूक व्याख्या मला आजतागायत करता आलेली नाही.

राहिली जुनी पाठ. भिवंडीकराला जुन्याची लाज नाही, आणि वीस वर्षांपूर्वीची पी २५ आता लाखाच्या आसपास कुणी ना कुणी काढत असतं. पण जुन्या पाठीचा स्वभाव जुन्या जावयासारखा आहे, एकटी येत नाही. ती फायरवायर नावाच्या केबलशिवाय संगणकाशी बोलत नाही. ती केबल घुसेल असं भोक नव्या लॅपटॉपला नसतं. म्हणून जुना लॅपटॉप घ्या. त्यावर जुनंच सॉफ्टवेअर चालतं, त्या सॉफ्टवेअरला इंटरनेट दाखवायचं नाही, दाखवलं तर ते स्वतःला अद्ययावत करून घेतं आणि मग पाठीला ओळख देत नाही. शिवाय प्रत्येक पाठ एकेका कॅमेऱ्याच्या मापाची. हॅसलब्लाडची पाठ मामियाला बसत नाही, मध्ये पट्टी लागते. पट्टी मिळाली तरी पाठीला जागं करायला एक वेगळी वायर लागते, नाहीतर शटर उडतं आणि सेन्सर झोपलेलाच राहतो. (आमच्याकडे रात्रपाळीचा एक वॉचमन असाच आहे, पण तो वायर लावूनही उठत नाही.)

आणि आकार. अण्णांच्या फिल्मचा चौकोन जवळजवळ ५६ बाय ७० मिलिमीटर. पी २५ चा सेन्सर ४९ बाय ३७. म्हणजे म्हातारा डोळा भरून जेवढं पाहतो त्यातलं निम्म्याहून कमी पाठीला दिसतं. दीडशेवालीसुद्धा ५४ बाय ४० च्या आसपासच. लाखो रुपये मोजून अण्णांच्या दृष्टीचा निम्मा भाग कापून घ्यायचा, हा विचार मनात आला की मी उठून चहा टाकत असे.

तरी एक पी २५ चार दिवस वापरून बघायला मिळाली. ती हाती आली त्याच दिवशी शेठचं शर्टिंग आलं होतं. बारीक विणीचं, राखाडी, इंचाला साठ धागे. पुतळ्याच्या अंगावर चढवलं, फ्लॅश लावले, टिपलं. पडद्यावर फोटो आला आणि मी खुर्चीत बसलो. धाग्याची गाठ दिसत होती. शिवणीतला टाका मोजता येत होता. फक्त छातीपासून पोटापर्यंत, राखाडी कापडावर, इंद्रधनुष्याच्या लाटा उसळत होत्या. जांभळ्या, हिरव्या, पुन्हा जांभळ्या. रांजणात रॉकेल सांडल्यासारख्या.

मी कापड बघितलं, साधं राखाडी. फोटो बघितला, त्यात मोर नाचत होता.

ही भानगड समजून घ्यायला फार शिकावं लागत नाही. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यात नसलेल्या लाटा दिसतात, तेच. कापड ही उभ्याआडव्या धाग्यांची जाळी, सेन्सर ही पिक्सेलांची जाळी, आणि दोन जाळ्या जवळजवळ सारख्या मापाच्या झाल्या की तिसरीच नक्षी जन्माला येते. रंग कुठून येतात? तर सेन्सरचं प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतं. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात ठरवून दिलेल्या वाटणीप्रमाणे चारातले दोन हिरवे, एक लाल, एक निळं. बाकीचे रंग यंत्र शेजाऱ्याला विचारून अंदाजपंचे भरतं. साध्या भिंतीसमोर हा अंदाज चालून जातो. बारीक विणीसमोर शेजारीच खोटं बोलायला लागतात.

बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो. सेन्सरवर एक पातळ चाळणी बसवलेली असते, ती चित्र केसभर पुसट करते आणि लाटा मरतात. डिजिटल पाठीत ती चाळणी नसते, कारण तिची गिऱ्हाइकं तीक्ष्णपणासाठीच पैसे देतात. निकॉननं तर २०१२ मध्ये एकच कॅमेरा दोन रूपांत काढला, डी ८०० आणि डी ८०० ई. दुसऱ्यात त्या चाळणीचा परिणाम घालवून टाकला होता आणि त्याची किंमत जास्त होती. दुधातलं पाणी काढून देण्याचे वेगळे पैसे घेणारा गवळी फक्त कॅमेऱ्याच्या धंद्यात सापडतो.

या लाटांना म्वारे म्हणतात. नाव मुळात कापडाचंच. लाटालाटांची चमक असलेल्या रेशमाला फ्रेंच लोक असं म्हणत, आणि तो शब्द मोहेरपासून आला असं मानतात. मोहेर कुठून आला? आमच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, अरबीत मुखय्यर, म्हणजे निवडक, पसंत केलेलं. इख्तियार त्याच धातूतला. तुमच्या मराठीतलं अखत्यार तेच.

म्हणजे मी तीन महिने पाठ निवडत होतो, आणि निवडीअंती फोटोत जो दोष आला त्याचं नाव "निवडलेलं" असं होतं. मास्तरांना यात विशेष काही वाटलं नाही. ते म्हणाले, शब्द माणसापेक्षा जास्त फिरलेले असतात.

शेठना फोटो दाखवायचा नाही असं मी ठरवलं होतं. शेठनी तो माझ्या पाठीमागून पाहिला.

"ही व्हरायटी कुणाची?"

"तुमचीच शेठ."

"माझी नाही. माझी सपाट आहे. ही पाण्याची लहर कुणी टाकली? डाईंगवाला कोण?"

मी खरं सांगितलं. शेठनी खिशातून पिक ग्लास काढला. हे घडीचं, पितळी, चार बोटांत मावणारं भिंग भिवंडीतल्या प्रत्येक कापडवाल्याच्या खिशात असतं, पेनाच्या शेजारी. त्यानं इंचातले धागे मोजतात. शेठनी तो थेट माझ्या मॉनिटरला लावला आणि मोजू लागले. बराच वेळ मोजलं. मग म्हणाले, "लाल, हिरवं, निळं. लाल, हिरवं, निळं. कापड कुठे आहे?"

शेठना जे दिसलं ते मॉनिटरचे ठिपके होते, पण प्रश्न रास्त होता. त्या रात्री मी गणित मांडलं. पुतळा डोक्यापासून पायापर्यंत यायचा तर दोन मीटरची चौकट. पी २५ चे लांबीत ५४३६ पिक्सेल. मिलिमीटरला पडले २.७. इंचाला साठ धागे म्हणजे मिलिमीटरला २.३६. एका धाग्याच्या वाट्याला सव्वासुद्धा पिक्सेल नाही. एक धागा आणि एक फट मोजायलाच किमान दोन लागतात. बरं, शंभर मेगापिक्सेलची घेतली तर? लांबीत ११,६०० च्या वर. धाग्याला अडीच. दीडशेची घेतली, धाग्याला तीन. पण लाल आणि निळं पिक्सेल एक सोडून एक येतं, त्यामुळे रंगापुरते तीनाचे दीडच उरतात. म्हणजे पस्तीस लाख घालूनही शेठच्या शर्टिंगवर मोर नाचणारच, फक्त जरा बारीक पावलं टाकेल.

उपाय पुस्तकांत भरपूर आहेत. कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्या. कापड थोडं तिरपं करा. भिंगाचं छिद्र इतकं लहान करा की प्रकाश स्वतःच पसरून चित्र मऊ होईल. नाहीतर फोकस केसभर सोडा. थोडक्यात, लाखमोलाचा डोळा विकत घ्या आणि त्याला स्वखर्चानं मोतीबिंदू आणा.

(त्यातच एक लहानसा प्रश्न रुईचा. पाठ काढली की सेन्सर उघडा पडतो, आणि नारपोलीच्या हवेत ऑक्सिजननंतर सर्वांत जास्त काय असेल तर ती कापसाची रुई. चार दिवसांत माझ्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक बारीक साप होता. शेठचाच धागा, थेट मूळ प्रत.)

अंधेरीवाल्यानं शेवटी हुकमाचं पान काढलं. मल्टीशॉट. हॅसलब्लाडचा एच६डी-४००सी, २०१८ चा. हे यंत्र एकाच वस्तूचा फोटो चारदा टिपतं, आणि दर वेळी आतला सेन्सर बरोबर एक पिक्सेल सरकतो. त्यामुळे वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून लाल, हिरवं, निळं सगळं फिरून जातं. अंदाज नाही, शेजाऱ्याला विचारणं नाही. रंगाच्या लाटा गायब. सहादा टिपलं तर ४०० मेगापिक्सेल आणि एक फोटो २.४ जीबीचा. मला वाटतं त्यापेक्षा चादरच कुरिअरनं पाठवणं स्वस्त पडेल, पण चार फोटोंचा प्रकार मला पटला. विकत घ्यायचा प्रश्न नव्हता. एक दिवस भाड्यानं आणायचा, शेठचा अख्खा कॅटलॉग त्या दिवसात उडवायचा.

"एकच अट," अंधेरीवाला म्हणाला. "चारही फोटो होईपर्यंत कॅमेरा हलता कामा नये. अजिबात."

"किती अजिबात?"

"पिक्सेल साडेचार मायक्रॉनचं आहे."

माणसाचा केस ढोबळमानानं सत्तर मायक्रॉन. म्हणजे केसाचा पंधरावा भाग. मी फोन कानाला लावून खाली बघितलं. टेबलावरच्या चहात वर्तुळं उठत होती. माझ्या चहात ती कायम उठतात. सात वर्षांत मी सपाट चहा प्यालेलो नाही. खाली चोवीस माग, प्रत्येकात धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा या टोकाचा त्या टोकाला आपटतो. आजवर मला त्याचा त्रास नव्हता, कारण फ्लॅशचा लखलखाट इतक्या कमी वेळाचा असतो की भूकंपसुद्धा त्यात स्थिर दिसेल. पण एक फोटो स्थिर येणं वेगळं आणि चार फोटो एकाच जागी येणं वेगळं. शेठचं कापड विणलं जात असताना शेठच्या कापडाचा फोटो काढता येणार नव्हता.

कारखान्याच्या मालकांकडे गेलो. म्हटलं, भाऊ, दोन-दोन मिनिटं माग बंद ठेवाल का, दिवसात दहा वेळा?

भाऊ चांगले आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "माग मध्येच थांबवून परत चालू केला की कापडात काय पडतं माहितीय?"

"काय?"

"पट्टी. आडवी. व्यापारी लगेच बोट ठेवतो आणि भाव पाडतो. तुझ्या फोटोतली लाट घालवायला मी माझ्या कापडात पट्टी पाडू?"

यावर उत्तर नव्हतं. सुट्टीचा दिवस मागावा तर त्या दिवशी यंत्र दुसऱ्या कुणाला तरी आधीच गेलेलं. मग जॉबरमामांनी तोडगा काढला, आणि तो इतका भिवंडीचा होता की मला आधी सुचला नाही याची लाज वाटली.

"लाइट जाते की रोज," मामा म्हणाले. "तेव्हा काढ."

वीज असली की माग चालतात आणि जमीन हलते. वीज गेली की जमीन थांबते, पण फ्लॅशही थांबतो. तर फ्लॅश बॅटरीचे आणायचे. लॅपटॉप बॅटरीवर. वीज जायची वाट बघायची, गेली की टिपायचं. सात वर्षं मी विजेच्या नावानं बोटं मोडली, आता तिच्या जाण्यावर माझा धंदा उभा राहणार होता.

ठरलेल्या दिवशी यंत्र सकाळी सात वाजता अंधेरीहून निघालं. सोबत अटेंडंट, कारण मुंबईत भाड्यानं एवढं महाग काही आलं की त्याच्याबरोबर माणूस येतो. तो यंत्राला हात लावू देत नाही आणि स्वतःही फारसा लावत नाही. भाडं सातपासून मोजायला सुरुवात. घोडबंदर, बाळकूम, मग कशेळीच्या पुलावर अडीच तास. काल्हेरला तासभर. अंजूरफाट्याला कंटेनर आडवा. साडेबाराला पेटी माडीवर आली आणि अटेंडंटनं पहिला प्रश्न विचारला, "ये फ्लोअर हिल रहा है क्या?"

"थोडं थांबा," मी म्हटलं. "लाइट जाईल."

लाइट गेली नाही.

एक वाजला, दोन वाजले. तिवईखाली रबराच्या पट्ट्या, त्यांच्याखाली सपाट लाद्या, त्यांच्याखाली शेठच्या गोदामातून आणलेल्या चार चादरी, हे सगळं लावून झालं. पुतळ्यावर शर्टिंग चढलेलं. शेठ स्वतः येऊन बसले. तीन वाजता मी पायरीवर जाऊन रस्त्याकडे बघून आलो, कुठे तारा लोंबत असतील तर. सात वर्षांत एकही दुपार अशी गेली नव्हती. चार वाजता शेठ म्हणाले, "तक्रार करून बघ. तक्रार केली की जाते." अटेंडंट दोनदा झोपला, दोनदा उठला, त्यानं बायकोला फोन करून सांगितलं की मी अशा जागी आहे जिथे लोक लाइट जायची वाट बघतात. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्यानं फोन लगेच ठेवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी चोवीस माग एकदम थांबले.

ती शांतता मी पूर्वीही ऐकली होती, पण त्या दिवशी ती सुईच्या टोकावर उभी होती. टेबलावरच्या चहात माझा चेहरा दिसला. कुणी काही बोललं नाही. मी लॅपटॉपवर बटण दाबलं.

लख्ख. एक.

बॅटरीचा फ्लॅश बारीक शिट्टी वाजवत भरू लागला. शेठनी श्वास धरला. अटेंडंट एका पायावर उभा होता, दुसरा खाली ठेवू की नको या विचारात.

लख्ख. दोन. आत कुठेतरी केसाच्या पंधराव्या भागाइतकं काहीतरी सरकलं.

शिट्टी. जिन्यात मामा आले होते, ते तिथेच भिंतीला टेकले. लख्ख. तीन.

फ्लॅश भरत आला. शिट्टी वर वर चढत गेली, तिचा दिवा हिरवा झाला, माझं बोट बटणावर. आणि खालून, हँडल चालूच ठेवून बसलेल्या सगळ्या कारागिरांच्या वतीनं, कुणीतरी अत्यानंदानं ओरडलं, "आली रे, आली!"